चादरीचं दुसरं टोक

मोठ्या चादरीची घडी एकट्या बाईनं घालायची म्हणजे नुसती तारांबळ. दोन कोपरे हनुवटीखाली दाबून धरले, तर बाकीचे दोन जमिनीवर लोळतात. मी म्हणून एक बाजू खिडकीच्या गजांना बांधते, दुसरी हातात घेते आणि मागं सरत चादर ताणते. सून म्हणते, "आई, चुरगळली तर चुरगळू दे, कोण बघतंय?" पण ज्या कामात उभी हयात गेली, त्यात माझा हात ढिला पडत नाही.

त्या दिवशीही मी खिडकीशी अशीच घडी घालत होते आणि सवयीनं गुणगुणत होते. नातीनं फोन माझ्याकडं धरला होता, तो मला दिसला होता. पण ती दिवसभर कुणाकडं ना कुणाकडं फोन धरतच असते. तिनं ते गाणं फोनवरून लोकांपुढं टाकलं. नाव-गाव काही नाही, नुसतं 'माझी आजी'. लोकांना आवडलं. कुणी लिहिलं, ऐकून डोळ्यांत पाणी आलं. मला हसू आलं. ते अर्धंच गाणं होतं. उरलेलं अर्धं ऐकलं असतं, तर तीच माणसं पोट धरून हसली असती.

पुढं काही महिन्यांनी टीव्हीवर जाहिरात लागली. लहान मुलांची पांघरुणं विकणारी कंपनी. जाहिरातीत एक तरुण आई, पाळण्यात बाळ, खिडकीचा पडदा हलतोय, आणि मागं एक गोड गळ्याची पोरगी माझं गाणं म्हणतेय:

"चादरी गं चादरी, काल कोण निजलं?"

मग गाणं थांबतं आणि बासरी वाजते.

"चादरी गं चादरी, काल कोण रडलं?"

पुन्हा बासरी. असेच चार प्रश्न, आणि शेवटच्यानंतरही बासरीच.

आम्ही सगळे बघतच राहिलो. मुलानं लगेच भावाला, मेहुण्याला, साडूला फोन लावले. सून म्हणाली, "आई, तुम्ही फेमस झालात." मी चष्मा लावून टीव्हीजवळ गेले. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं होती. अक्षरं मला उशिरा आली, पण आली ती पक्की. मी वाचलं, "गीत – पारंपरिक."

"म्हणजे काय गं?" मी नातीला विचारलं.

"म्हणजे जुनं. पूर्वीपासून चालत आलेलं. कुणा एकाचं नाही असं."

"कुणाचंच कसं नाही? मी अजून जिवंत आहे की."

सगळे हसले, मीही हसले. खरं सांगते, तोवर मला राग आलेला नव्हता. आपलं गुणगुणणं टीव्हीवर गेलं याची गंमतच जास्त वाटत होती. त्याच आठवड्यात लवंगीचा फोन आला.

"शिडे," ती म्हणाली, "विकलंस ना?"

किती वर्षांनी मला कुणी शिडी म्हटलं होतं. मी खूश होऊन म्हणाले, "लवंगे, तू? कशी आहेस?"

"मी कशी ते राहू दे. तुझे प्रश्न तेवढे ठेवलेस. माझी उत्तरं कुठं टाकलीस? गटारात?"

"अगं, ऐक तरी—"

"ऐकलंच की! दिवसातून चारदा ऐकते. आणि शेवटी, त्या जागेवर, बासरी घातलीस? त्या जागेवर, शिडे? तुला काही वाटलं कसं नाही?"

तिनं फोन ठेवला. मी पुन्हा लावला, तिनं उचलला नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या मुलीनं उचलला आणि हळू आवाजात म्हणाली, "मावशी, आई बोलणार नाही म्हणते. तिला फार लागलंय."

मग मला गंमत वाटायची थांबली.

लवंगी कोण ते सांगायला हवं. मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत आम्ही दोघी कामाला होतो. तळघरात वाफ, साबणाचा वास आणि यंत्रांचा असा गोंगाट, की मुकादमीण ओरडली तरी तोंड नुसतं हलताना दिसायचं. आमचं काम घडीच्या टेबलाशी. वाळलेली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, एकदम झटकायची, ताणायची, मग एकमेकींकडं चालत यायचं आणि कोपऱ्याला कोपरा लावायचा. तिनं तिचे कोपरे माझ्या हातात द्यायचे, खाली वाकून घडीची मधली दुमड उचलायची, परत मागं सरायचं. दिवसभर हेच. मी ताडमाड उंच म्हणून मला शिडी म्हणायच्या. ती बुटकी, आणि जिभेला तिखट म्हणून लवंगी. आमची जोडी लावली, तेव्हा सगळ्या हसल्या होत्या. चादर तिच्या बाजूला नेहमी खाली झुकायची, मग ती टाचा उंचावून उभी राहायची आणि मला म्हणायची, "गुडघ्यात वाक की जरा, काय आभाळ पुसायचंय?"

गाणं कसं सुरू झालं ते मला नीट आठवतं. चादरींवर कोण कोण झोपून गेलं असेल, असं माझ्या मनात यायचं. एकदा झटकताना मी सहज चाल लावून विचारलं, "चादरी गं चादरी, काल कोण निजलं?" आणि माझ्याकडं चालत येता येता, कोपरे माझ्या हातात देताना लवंगीनं त्याच चालीवर उत्तर ठोकलं:

"आजोबांच्या घोरण्यानं छप्पर सारं हललं!"

मी इतकी हसले, की चादर हातातून सुटली आणि पुन्हा धुवायला गेली. मग ते रोजचंच झालं. मी विचारायची, ती उत्तर द्यायची. विचारताना मी लांब, उत्तर देताना ती जवळ. कितीतरी उत्तरं केली तिनं. त्यातली चांगली टिकली, बाकीची वाफेबरोबर गेली.

"चादरी गं चादरी, काल कोण रडलं?"

"सुई बघून पैलवानाचं तोंडच की गं पडलं!"

"चादरी गं चादरी, काल कोण जागलं?"

"बाळाकडं बघून आईचं मन नाही भागलं."

चौथा प्रश्न मी असाच एका मरगळल्या दिवशी केला, "चादरी गं चादरी, कोण निघून गेलं?" त्याला लवंगीनं उत्तर दिलं नाही. नुसती चालत आली आणि कोपरे माझ्या हातात देऊन गेली. तिला सुचलं नसेल असं नाही. ते उत्तर देण्यासारखं नव्हतंच. पुढं किती तरी दिवस त्या प्रश्नानंतर आम्ही गप्प राहून घडी पुरी करायचो.

मग तिचा नवरा त्याच इस्पितळात वरच्या वॉर्डात दाखल झाला, आणि तिथंच गेला. पंधरवड्यानं ती कामावर परत आली. पहिल्याच सकाळी मी मुद्दाम गाणं काढलं नाही. तीच म्हणाली, "विचार की." मी तीन प्रश्न विचारले, तिनं तीन उत्तरं दिली. मी थांबले. "चौथा विचार," ती म्हणाली. मी विचारला. आणि चालत येता येता तिनं चौथं उत्तर म्हटलं. तिच्याच माणसाची चादर त्या ढिगात कुठंतरी धुऊन आली असणार, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. यंत्रांच्या गोंगाटात ते उत्तर फक्त मला ऐकू आलं.

त्या जागेवर कंपनीनं बासरी वाजवली होती.

पुढं घडीचं यंत्र आलं. ते एका बाजूनं चादर गिळायचं आणि दुसऱ्या बाजूनं घडी ओकायचं. आम्हाला घरी बसवलं. ती लेकीकडं दुसऱ्या शहरात गेली, मी मुलाकडं आले. भांडण कसलं नव्हतं, नुसतं अंतर पडलं. मी एकटी घडी घालायला लागले, तरी सवय सुटली नाही. विचारायचं, मग ती चालत येईल एवढा वेळ गप्प राहायचं, मग पुढचं विचारायचं. नातीच्या फोनमध्ये तेच गेलं: माझे प्रश्न आणि मधल्या मोकळ्या जागा.

हे सगळं नातीला सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा उतरला. "आजी, मी टाकलं नसतं तर हे झालंच नसतं."

"तू टाकलंस, पण उचललं त्यांनी," मी म्हणाले. "आता रडत बसू नकोस, काय करायचं ते शोध."

आमच्या भागातल्या वाचनालयात एक वकीलबाई आठवड्यातून एकदा फुकट सल्ला देतात. त्याच वाचनालयाच्या मागच्या खोलीत म्हातारपणी मी अक्षरं गिरवली होती, म्हणून तिथं जायला मला बुजायला झालं नाही. वकीलबाई माझ्या नातीहून थोड्याच मोठ्या. टेबलावर कागदांचा पसारा, त्यातच अर्धं खाल्लेलं सफरचंद. त्यांनी फोनवरचं गाणं ऐकलं, जाहिरात बघितली, मग मला विचारलं:

"आजी, हे तुम्ही कुणाकडून ऐकलं होतं का? आईकडून, शेजारणीकडून?"

"माझ्या आईला गाणं म्हटलं की डोकं उठायचं."

त्या हसल्या. "म्हणजे शब्द तुमचे, चालही तुमची."

"पण आम्ही कुठं नोंद केलेली नाही," नात मध्येच म्हणाली. "आणि मीच ते सगळ्यांपुढं टाकलं. म्हणजे देऊन टाकल्यासारखंच झालं ना?"

"नोंद असली की पुरावा सोपा होतो. पण हक्क काही नोंदीनं जन्माला येत नाही. ज्यानं रचलं त्याचं ते, रचलं तेव्हापासून. आणि लोकांपुढं टाकण्याचं म्हणशील, तर गच्चीवर वाळत घातलेली चादर रस्त्यावरून सगळ्यांना दिसते. म्हणून ती कुणी उचलून न्यायची नसते."

माझ्याच धंद्यातलं उदाहरण दिलं म्हणून मला त्या आवडल्या.

"मग चादरींवर दुसऱ्या कुणी गाणं करायचंच नाही का?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"करू दे की. उद्या कुणी उशीवर केलं, चादरीवर केलं, तुम्ही अडवू शकत नाही. कल्पनेला कुंपण नसतं. पण हेच शब्द, याच चालीवर, असेच बांधलेले, ते तुमचे. वापरायचे तर विचारायला हवं. आणि विचारून वापरले तरी तुमचं नाव पुसून 'कुणाचंच नाही' असं लिहिता येत नाही." मग त्यांनी पेन उचललं. "तुमच्या एकटीचंच आहे ना गाणं?"

"नाही," मी म्हणाले. "हे अर्धं आहे. उरलेलं लवंगीचं."

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मी पुन्हा सगळी गोष्ट सांगितली. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मग परवानगी दोघींची लागेल. तुमच्या एकटीची सही पुरणार नाही, त्यांच्या एकटीचीही नाही. त्यांचा भाग कुठं उतरवलेला आहे?"

"तिच्या तोंडात."

"तिथं राहून भागायचं नाही, आजी. तुमचे प्रश्न निदान फोनमध्ये आहेत. त्यांची उत्तरं कुठंच नाहीत. उद्या त्या विसरल्या तर मी कशाच्या जोरावर भांडू? लिहून घ्या, रेकॉर्ड करा, आणि दोघी मिळून या."

त्यांनी कंपनीला पत्र धाडलं. मला वाटलं होतं आता कोर्ट, काळे कोट, तारखा. तसं काही झालं नाही. कंपनीचा माणूसच घरी आला. तिशीतला, नम्र, हातात बाळाचं पांघरूण भेट म्हणून आणलेलं. घरात बाळ नव्हतं, पण मी ते घेतलं. शिवण बरी होती.

"आजी, आमची चूक झाली," तो बसता बसताच म्हणाला. "आम्हाला खरंच वाटलं की जुनं लोकगीत आहे. नाव कुठं दिसलं नाही. आम्ही शोधलंही थोडंसं."

"किती थोडंसं?" नातीनं विचारलं.

तो कसनुसा हसला. "एका दुपारपुरतं."

त्यानं कागद पुढं केला. आता जाहिरातीखाली माझं नाव येणार होतं, मोबदलाही मिळणार होता. मी सावकाश वाचलं. एकच नाव होतं.

"तिचं नाव कुठं आहे? लवंगीचं?"

"आजी, त्यांची एकही ओळ आम्ही घेतलेली नाही. त्यामुळं त्यांचा तसा प्रश्न येत नाही."

"ओळ नाही घेतलीत, जागा घेतलीत."

"कसली जागा?"

"जिथं ती बोलते, तिथं तुमची बासरी वाजते. मी मध्ये मध्ये गप्प का बसते, असं वाटलं तुम्हाला?"

तो चपापला. "आम्हाला वाटलं, तुम्ही दम घेताय."

मुलगा मागं उभा होता. तो माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "आई, सही करून टाक गं. माणूस चांगला आहे. लवंगीमावशीला नंतर समजावू आपण."

त्याचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. त्याला आईचं नाव टीव्हीवर बघायचं होतं. मलाही बघायचं होतं. इतकी वर्षं अंगठा उठवलेला हात, आणि आता टीव्हीवर छापलेलं नाव. पण तिथं सही केली असती, तर लवंगी फोनवर जे बोलली ते त्या क्षणी खरं झालं असतं. मी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि त्याला म्हणाले, "आधी तिला विचारते. तोवर ती जाहिरात थांबवा."

"थांबवतो," तो म्हणाला. आणि त्यानं थांबवली, हे सांगायला हवं.

दोन दिवसांनी नात आणि मी बसनं लवंगीच्या शहरात गेलो. तिची लेक तिसऱ्या मजल्यावर राहते. दार तिनंच उघडलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मावशी, आई तुमच्याशी बोलणार नाहीये. पण चहा टाकायला सांगितलाय."

लवंगी बाल्कनीकडं तोंड करून खुर्चीत बसली होती. मागं न बघताच म्हणाली, "दाराला शिडी लावल्याचा आवाज आला वाटतं."

"आले मी."

"कशाला आलीस? पैसे दाखवायला?"

"भांडायला आले. फोनवर तुझं भांडण फार लवकर संपतं."

तिनं खुर्ची वळवली. केस पांढरे झाले होते, अंग आणखी आखडलं होतं, पण डोळे तेच. नात पुढं झाली आणि एका दमात म्हणाली, "आजी, आमच्या आजीचा काही दोष नाही. मीच फोनवर टाकलं, तिथून त्या लोकांनी न विचारता उचललं. आजीला माहीतसुद्धा नव्हतं."

"तुला कुणी विचारलं? बस तिथं." लवंगीनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "नाक अगदी तुझंच घेतलंय गं हिनं, शिडे. बिचारी."

मी पिशवीतून कागद काढला. "हा कंपनीचा कागद. यावर सही केली की जाहिरात परत चालू."

"मला कुठं वाचता येतं?"

"मी वाचते, तू ऐक." मी शब्दाशब्दाखाली बोट ठेवत सगळा वाचला. ती माझ्या बोटाकडं बघत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "एवढं सगळं यायला लागलं तुला?" आणि मग, "नाव तुझं एकटीचंच?"

"हो. म्हणून खाली सही नाही. बघ, कोरं आहे."

तिनं कागद हातात घेतला, खालची कोरी जागा बघितली, बोटानं चाचपली. मग लेकीला म्हणाली, "चहात साखर घाल नीट. ही पांचट पीत नाही."

तेव्हा कुठं मी खुर्चीत टेकले.

चहा झाल्यावर मी वही काढली. "चल, उत्तरं सांग. लिहून घेते. वकीलबाईंनी सांगितलंय."

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. "ते... आजोबांचं... थांब हां." कपाळाला हात लावला. "अगं, अगदी जिभेवर आहे." पुन्हा थांबली. मी प्रश्न म्हणून दाखवला. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग चिडली. "टीव्हीवर ती बासरी ऐकून ऐकून माझं गेलं सगळं. गेलं, शिडे. आता काय करायचं?"

मला आजोबांचं उत्तर पाठ होतं, तिन्ही पाठ होती. पण ती मी लिहून दिली असती, तर मीच तिच्या तोंडात घातली असं झालं असतं. मी वही मिटली आणि प्रश्न पुन्हा म्हटला. तेव्हा माझं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. प्रश्न म्हटला की तिचे हात मांडीवर आपोआप उघडमीट करत होते. काहीतरी धरायला बघत होते.

"पोरी," मी तिच्या लेकीला म्हणाले, "एक मोठी चादर दे गं."

गच्चीवरून नुकतीच काढलेली चादर तिनं आणली. आम्ही हॉलमध्ये टेबल सरकवलं, खुर्च्या भिंतीला लावल्या. मी एक टोक धरलं, लवंगीनं दुसरं. तिची बाजू पार खाली झुकली.

"गुडघ्यात वाक की," ती म्हणाली.

"आता वाकले तर उठायची नाही मी."

झटकली. इतक्या वर्षांनी तो आवाज आला, चादरीचा, फाट्कन. नात दचकली. मी विचारलं, "चादरी गं चादरी, काल कोण निजलं?" आणि लवंगी चालत निघाली. पहिल्या पावलाला काही नाही, दुसऱ्याला काही नाही, आणि कोपरे माझ्या हातात देता देता तिच्या तोंडून धडधडत बाहेर पडलं, "आजोबांच्या घोरण्यानं छप्पर सारं हललं!"

तिची लेक दारात उभी राहून हसायला लागली. तिनं आईचं हे गाणं कधी ऐकलंच नव्हतं. घरात लवंगी कधी गायचीच नाही, कारण दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं.

"आजी, रेकॉर्ड करू का?" नातीनं विचारलं.

"आता विचारतेस! शहाणी झालीस," लवंगी म्हणाली. "कर."

पैलवान आला, बाळाची आई आली. लवंगीला धाप लागली होती, तरी थांबायला तयार नव्हती. चौथ्या प्रश्नाआधी मात्र तिनं नातीकडं हात केला. "ते बंद कर."

नातीनं फोन खाली ठेवला. मी विचारलं. लवंगीनं उत्तर दिलं, अगदी तेच, एकही शब्द इकडचा तिकडं नाही.

मग ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "हे लिहून ठेव वहीत. नाहीतर तू आणि मी गेलो की संपलं. पण हे विकायचं नाही. पांघरुणासाठी नाही, कशासाठीच नाही. चालतं का असं? विचार तुझ्या वकिलीणबाईंना."

नातीनं तिथूनच फोन लावला. पलीकडून वकीलबाई म्हणाल्या, "चालतं की. देणं जसं त्यांच्या हातात आहे, तसंच न देणंही त्यांच्याच हातात. तीन कडवी द्यायची असतील तर तीनच द्या."

कंपनीच्या माणसाला तीन कडवी ऐकवली, तेव्हा तो गडबडला. "हे फार... म्हणजे, आम्ही अंगाई समजत होतो. आजोबांचं घोरणं अंगाईत..."

"तुमच्याकडं घोरत नाही का कुणी?" लवंगीनं फोनवरूनच विचारलं. "द्यायचं तर सवाल-जवाब सगळं, आणि आवाज आमचे. नाहीतर राहू दे."

त्यानं वरच्या लोकांना विचारतो म्हणून सांगितलं. बरेच दिवस काही कळलं नाही. मी मनाची तयारी केली होती, की नाही म्हणतील. लवंगीला तसं बोलले, तर ती म्हणाली, "मग काय झालं? आपलं आपल्याकडं राहिलं." पण ते हो म्हणाले. नव्या कागदावर आमची दोघींची नावं होती, खरी, आईबापांनी ठेवलेली. मुलानं वाचलं आणि म्हणाला, "लवंगीमावशीचं नाव हे आहे होय?"

कुणाचं नाव आधी लिहायचं यावरून आमचं जुंपलंच.

"प्रश्न आधी येतो. हिचं आधी," लवंगी म्हणाली.

"नुसत्या प्रश्नाला कोण विचारतंय? तिचं आधी."

कंपनीच्या माणसानं शेवटी दोन्ही नावं एकाच ओळीत शेजारी शेजारी घातली.

रेकॉर्डिंगच्या खोलीला भिंतीभर मऊ गाद्या लावलेल्या होत्या. आम्हाला दोन माइकांपुढं उभं केलं, कानांवर ते गोळे चढवले. काचेपलीकडच्या माणसानं हात केला आणि मी विचारलं. लवंगी गप्प. पुन्हा केलं, पुन्हा गप्प. तो बिचारा म्हणाला, "घाबरू नका आजी, सावकाश."

"घाबरतंय कोण?" लवंगीनं कानावरचे गोळे काढले. "चादर आणा."

चादर कुठून आणणार? शेवटी त्यांनी बाहेरच्या खोलीतला खिडकीचा पडदा काढून दिला. माइक उंच टांगले, मधली जागा मोकळी केली. पडदा जड होता आणि धुळीनं भरलेला. पहिल्या झटक्याला आम्ही दोघी शिंकलो. दुसऱ्या वेळी गाणं झालं, एका दमात, झटकण्याच्या आवाजासकट. काचेपलीकडं सगळे हसत होते, कंपनीचा माणूस सर्वांत जास्त.

तीन कडवी संपली. पडदा अजून अर्धाच दुमडला होता. आमच्या हातात चार कोपरे, आणि खाली एक लोंबती दुमड.

"झालं आजी, सुंदर," काचेपलीकडून आवाज आला. "ठेवा तो खाली."

लवंगीनं माझ्याकडं बघितलं. अर्धी घडी खाली ठेवायची सवय आम्हाला नाही.

"दादा," मी म्हणाले, "तुमचं यंत्र बंद करा. पूर्ण बंद."

त्यानं कंपनीच्या माणसाकडं बघितलं. कंपनीच्या माणसानं मान डोलावली. भिंतीवरचा लाल दिवा विझला.

मी मागं सरले, पडदा ताणला आणि चौथा प्रश्न विचारला. लवंगी टाचा उंचावून, कोपरे वर धरून माझ्याकडं चालत आली. उत्तर तिनं म्हटलं, मी ऐकलं. वकीलबाईंच्या सांगण्यावरून ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे, खाली तिचं नाव घालून. इथं ते मी लिहीत नाही.

तिनं कोपरे माझ्या हातात दिले आणि खाली वाकून उरलेली दुमड उचलली.